सातवी जागा

एकोणऐंशी साली बोईसरच्या एका इस्पितळात देवूच्या पायाची जखम चिघळत चालली होती, आणि त्या जखमेला कोणतं औषध लागू पडेल ते प्रयोगशाळेतल्या चंद्रभानने सांगायचं होतं. त्याने जखमेतले जंतू काचेच्या बशीत वाढवले, त्यांवर सहा औषधांच्या सहा टिकल्या ठेवल्या. जंतूंनी सहाही औषधांना सरकारी परिपत्रकाइतकाच मान दिला. ते टिकल्यांवर चढून बसले.

फक्त मधोमध एक गोल जागा स्वच्छ होती. तिथे टिकलीच नव्हती.

चंद्रभानने नवी बशी लावली. पुन्हा तेच, गोल जरा मोठा.

मासवणहून आलेली देवूची आई, बुधी, बशीत डोकावली. "हितं मेलेत ना, भाऊ?"

"तिथे काही ठेवलेलंच नाही, बाई."

"मंग तेच द्या माज्या पोराला."

चंद्रभान हसला आणि त्याने त्या गोलात बोट टेकवलं. बोट बधिर झालं, मग मनगटापर्यंत हात. बुधीने तोच हात धरून त्याला वॉर्डाकडे ओढलं. तिची पकड त्याला जाणवलीच नाही.

हात अजून दाराशीच होता, तेव्हा जखमेवरच्या माश्या उठून गेल्या. मग देवूचं कण्हणं थांबलं.