बादलीतली गोटी

आज माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत, पण छपराला पन्हळ कशी लावायची हे मला शिकवलं मामांनी. पन्हळ लावून झाली की ते शिडीवरून तिच्यात काचेची गोटी सोडतात. उतार बरोबर असेल तर ती पाइपातून खणकन खाली बादलीत पडते. हल्ली मामांचा हात थरथरतो, उतार चुकतो, गोटी मध्येच अडकते. मग मी खिशातली दुसरी गोटी बादलीत टाकतो, "आली, मामा," म्हणतो आणि ते घरी गेले की गुपचूप उतार सुधारतो. आजही तेच केलं. मामा सावकाश उतरले आणि बादलीत वाकून बघत राहिले. त्यांनी हिरवी गोटी उचलून माझ्या हातावर ठेवली. "मी निळी सोडली होती," म्हणाले. मग अवजारांचा पट्टा काढून माझ्या कमरेला बांधला. "चढ आता. निळी खाली आण. मी बसतो बादलीपाशी."