बिनशेपटीचा विंचू

"हा बघ, सुमेधा. सापडला एकदाचा," म्हणत अप्पांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली सुनेच्या हातात दिली.

सुमेधाने ती खिडकीपाशी नेली, ती फक्त म्हाताऱ्याचं मन राखायला. डॉक्टर कोणत्याही क्षणी येणार होते. टिटवाळ्याच्या एका वृद्धाश्रमात खाट रिकामी झाली होती. तिथे फक्त डोक्यावर परिणाम झालेल्यांना घेत, आणि त्यासाठी डॉक्टरांचा कागद लागे. अप्पांना भास होत होतेच. पुस्तकांतून विंचू फिरतात म्हणे, तिळाएवढे, बिनशेपटीचे. चार महिने घरात हाच धोशा चालला होता. आधी सगळे हसले, मग काळजी करू लागले. तीन वर्षं सासऱ्यांचं सगळं एकटीने करून सुमेधा पार थकली होती. तिला ती काळजी सोयीची वाटली.

बाटलीच्या तळाशी काहीतरी हललं.

तपकिरी, चपटं, तिळापेक्षा मोठं नाही. पुढे दोन लांब नांग्या, अगदी विंचवाच्या असतात तशा. मागे शेपटीच्या जागी काही म्हणजे काही नाही. तिने बाटली कलती केली, तशा नांग्या आखडून ते झपकन उलटं पळालं.

"चावत नाही गं तो," अप्पा मागून म्हणाले. "जुन्या कागदात बारीक किडे होतात ना, ते खातो. पुस्तकं राखतो बिचारा. डॉक्टरांना दाखव हं. मग काही टिटवाळ्याला जायला नको मला."

बेल वाजली. सुमेधाने बाटली मुठीत घेतली आणि दार उघडलं.

डॉक्टर बसले, पाणी प्यायले, त्यांनी पेन काढलं. "हं, तर ते विंचू. ताई, तुम्ही पाहिलात का कधी?"

अप्पांना ना साखर होती, ना रक्तदाब. अजून दहा वर्षं सहज काढतील, असं सगळेच कौतुकाने म्हणत. सुमेधाला ती दहा वर्षं एकदम समोर दिसली. अप्पा तिच्या मुठीकडे बघत होते, खाऊ मिळणार हे ठाऊक असलेलं मूल बघतं तसे.

"नाही," ती म्हणाली. "मला तरी कधी दिसला नाही."

आता ते ओरडतील, मूठ उघडायला लावतील, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. तिला स्वतःची शरम वाटत होती, पण मूठ काही सुटेना.

अप्पांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला. पुन्हा लावला, तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तिला कशाला विचारता, डॉक्टर," ते म्हणाले. "भास मला होतात. लिहा तसं."