सोमलीची राखण

धावजीच्या शेतातून आवाज येईना, तेव्हा अर्धा तांडा हातातलं काम टाकून कान देऊन उभा राहिला.

सोमलीची हाळी म्हणजे साधी हाळी नव्हे. पोर दहा वर्षांची, पण मचाणावर उभी राहून ओरडली की मुकुटबनाकडून निघालेले पोपट हवेतल्या हवेत वाट वाकडी करत. एकदा तर आर्णीच्या रस्त्यावर मोटार थांबली आणि डायवर खाली वाकून चाकाखाली कोण आलं ते शोधत बसला. दिवस उगवल्यापासून बुडेपर्यंत तिचं तोंड मिटत नसे आणि धावजीच्या कणसाला चोच लागत नसे. आणि आज, ज्वारी ऐन हुरड्यात असताना, चिडीचूप.

धावजी शेताकडं धावला. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर बाबूसिंग भेटला. त्याचं शेत लागूनच.

"वामनराव मास्तरले माह्याकडून रामराम सांगजो, धावजी," तो म्हणाला. "तुह्या पोरीले यवतमाळले नेऊन चष्मा लावून आणला त्यायनं, अन् भलं झालं माह्या वावराचं. दोन सालं तुह्या वाटचे पाखरं मी पोसले. आता तू पोस."

धावजी तसाच पुढं गेला. घराची सालभराची भाकर त्या कणसांत होती, आणि कणसागणिक एकेक पोपट बसला होता. सोमली मचाणावर उभी. नाकावर चष्मा, हातात रिकामी लोंबणारी गोफण. तो शिडी चढून वर गेला.

"काय करून राह्यली वं?"

"हळू बोल, बापू. उडतीन ते." तिनं नजर हलवली नाही. "यायच्या गळ्यात लाल पट्टा असते. तुले मालूम होतं?"

"ते काय खाते, हे मले मालूम हाय. काढ तो चष्मा! शाळंत लावत जाय. वावरात नाही."

तिनं चष्मा काढून त्याच्या हातावर ठेवला. आणि काढला तशी ओरडली. मचाण थरथरलं. पोपटांचा हिरवा लोट उठला आणि बाबूसिंगच्या शेतावर जाऊन पडला. तिकडून एक सणसणीत शिवी आली. धावजी हसला, खाली जायला शिडीवर पाय ठेवला.

पण सोमली थांबेना. एका हातानं तिनं मचाणाचा डांब घट्ट धरला होता.

"आता कायले वं? गेले ना समदे."

"तिथं कोनी हाय, बापू."

"कुठं?"

"तिथं. काळं."

"पळसाचं खुंट हाय ते, येडे."

"मले मालूम हाय. चष्म्यातून पाह्यलं मी. पन आता ते हालून राह्यलं." तिचा आवाज बारीक झाला. "रोजच हालते. म्हनून तं ओरडा लागते."

"अन् पाखरं?"

"पाखरं मले कुठं दिसत होते?"

धावजी शिडीवरून परत वर आला. या हाळीच्या गोष्टी त्यानं चार बाजारांत फुशारकीनं सांगितल्या होत्या. त्यानं चष्मा उलटसुलट करून पाहिला. एवढं काय असतं या काचेत, म्हणून आपल्याच नाकावर चढवला.

धडक्या डोळ्यांवर पोरीचा जाड चष्मा बसला आणि सगळं शिवार पाण्यात बुडालं. ज्वारी, धुरा, पळस, सारं एकमेकांत विरघळलं. आणि त्या विरघळलेल्यातून काहीतरी उंच, बिनतोंडाचं, सरळ मचाणाकडं चालत येत होतं.

धावजी ओरडला. असा ओरडला, की बाबूसिंगच्या शेतावरचे पोपट उठले ते थेट पैनगंगेच्या पार गेले, आणि त्या साली कोणाच्याच वावरात परत आले नाहीत, असं तांड्यावर अजून सांगतात.

मग त्यानं घाईघाईनं चष्मा उतरवला, पागोट्याच्या शेवानं पुसला आणि पोरीच्या नाकावर नीट बसवला.

"पाह्य बरं, कोन हाय ते."

"याडी हाय," सोमली आईला ओळखून म्हणाली. "डोक्शावर भाकरीचं टोपलं हाय." मग जरा थांबून, "तुह्यावर हासून राह्यली."

धावजीनं कपाळावर हात आडवा धरला, डोळे बारीक केले. बायको दिसत होती. टोपलं दिसत होतं. हसू काही दिसेना.