बाजू उलटायची जागा

सभागृहात सिम्फनीचा पहिला भाग संपला तसं चष्मेवाल्यांनी बायकोच्या कानाशी तोंड नेलं.

“घाईत आहेत,” ते म्हणाले. “वाद्यवृंदापुढच्या त्या काठीवाल्याला गाडी गाठायची असणार.”

“गप्प बसा,” बायको म्हणाली. त्यांच्या कोटाचं टोक ओढून तिनं आपल्या मांडीखाली घेतलं आणि त्यावर ऐसपैस बसली.

तिला तसं करणं भाग होतं. ही सिम्फनी त्यांच्या घरी पाच रेकॉर्डिंगमध्ये होती, पण चष्मेवाल्यांच्या लेखी खरी एकच. कोपरे झिजलेल्या पाकिटातली जुनी रेकॉर्ड. सिम्फनीच्या दुसऱ्या, संथ भागात ओबोची, म्हणजे सनईसारख्या एका वाद्याची, लांबलचक सुरावट आहे. ती निम्म्यावर येते आणि त्या रेकॉर्डची पहिली बाजू संपते. मग उठायचं, तीन पावलं जायचं, रेकॉर्ड उलटायची, मखमलीच्या फडक्यानं पुसायची, सुई ठेवायची आणि खुर्चीत परत यायचं. तेव्हा कुठे उरलेली निम्मी सुरावट. चाळीस वर्षं हे चाललं होतं. इतकं अंगवळणी पडलं होतं, की प्रत्यक्ष सभागृहात तीनदा ही सिम्फनी ऐकली आणि तिन्ही वेळा नेमक्या त्या जागी चष्मेवाले ताडकन उठून उभे राहिले. मागच्या रांगेतल्यांनी तिन्ही वेळा “बसा की हो खाली!” म्हणून त्यांचा उद्धार केला. आणि घरी येऊन चष्मेवाल्यांनी तिन्ही वेळा एकच निकाल दिला, “घरचीच बरी.”

माणूस तुलनेवरच जगलेला. दिवसभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचं, “हे स्पष्ट, की हे?” संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या कानांना तेच विचारायचं.

आज मात्र ओबो घेऊन त्यांची मुलगी बसली होती. ती सुरावट पहिल्या खुर्चीवरचा वाजवतो. मुलगी नऊ वर्षं दुसऱ्या खुर्चीवर होती, पहिली तिला या महिन्यात मिळाली. काल तिचा फोन आला होता. “बाबा, आवडलं नाही तर काहीच बोलू नका. पण उगाच छान म्हणू नका.” उगाच छान म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. बायकोला घोर लागला होता तो त्याचाच. एवढ्या वर्षांची पोरीची मेहनत, आणि बापानं तोंड उघडून ‘घरचीच बरी’ म्हटलं तर?

संथ भाग सुरू झाला. व्हायोलिनं हळूहळू दबत गेली. मुलीनं ते काळं लाकडी वाद्य ओठांशी नेलं. केसांची एक बट गालावर आली होती. आपण इथून उठून ती मागे सारावी, असं बायकोला फार वाटलं. मग उठण्यावरूनच आठवलं आणि तिनं कोटावरचा भार वाढवला.

सुरावट निघाली. साधी, सरळ, घरात कुणी कामात असताना गुणगुणावं तशी. बायकोला ती पाठ होती, झोपेतून कधीही उठवलं तरी म्हणून दाखवली असती. म्हणून तर ती जागा जवळ येताना तिला आधीच कळलं. आता. तिनं श्वास रोखला, खुर्चीचा हात घट्ट धरला.

कोट ओढला गेला नाही.

तिनं हळूच मान वळवली. चष्मेवाले बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला. दुसऱ्याचा चष्मा मिलिमीटरनं बसवणाऱ्या माणसाला आपला सावरायचंही भान नव्हतं. सुरावट ती जागा ओलांडून पुढे गेली आणि एका दमात शेवटाला पोचली. बायकोनं रोखलेला श्वास सोडला. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते मांडीखालून काढलेल्या कोटाच्या टोकालाच पुसले.

कार्यक्रम संपल्यावर दोघं मागच्या अरुंद बोळात जाऊन थांबली. वादक पेट्या सावरत बाहेर पडत होते. सगळ्यात मोठी पेटी दारात अडकली होती आणि चौघंजण चार दिशांनी सल्ले देत होते. त्यांच्यामधून वाट काढत मुलगी आली. बट अजून गालावरच होती.

“बाबा?”

“पहिला भाग घाईत झाला,” चष्मेवाले म्हणाले. “शेवटाला ढोल जरा जास्तच. आपल्या रेकॉर्डवर तो इतका अंगावर येत नाही.”

“बरं.” मुलीनं पेटीचा पट्टा खांद्यावर चढवला. “आणि दुसरा?”

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. खिशातून फडकं काढून काचा पुसू लागले. एक पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली घेतली. मुलगी खाली बघू लागली.

“बाबा, राहू द्या. काही बोलू नका.”

“अगं, आज ते उठले नाहीत,” आई म्हणाली.

मुलीनं झटकन वर पाहिलं. रेकॉर्ड उलटायला जाणारी बाबांची पाठमोरी आकृती बघतच ती लहानाची मोठी झाली होती.

“कोट धरून बसली असशील तू.”

“धरला होता गं. पण ओढलाच नाही त्यांनी.”

चष्मेवाले एकदा बायकोकडे, एकदा मुलीकडे बघत राहिले.

“कुठे उठायचं होतं?” त्यांनी विचारलं.