कॉइलवरची पट्टी

काजळलेले चार प्लग. राजूरपुढचा उघडा माळ. रिकामा तांब्या. फुलाफुलांचं कापड. भोकरदनच्या गॅरेजात मुनीर मेस्त्री कारभारीच्या भाड्याच्या मोटारीचं ट्यूनिंग करत होता. प्लग बदलून त्याने प्लगला ठिणगी पुरवणारी जुनी कॉइल काढली, तर तिला वाळून कडक झालेलं कापड गुंडाळलेलं. तापून बंद पडणाऱ्या कॉइलवर ड्रायव्हर ओलं फडकं ठेवतातच. “कारभारीभाऊ, कॉइलला ताप आल्ता का? पट्ट्या ठेवून राह्यले!” मुनीर हसला आणि त्यालाच हात पुसू लागला. “भाई, त्याला नका पुसू.” “फडकंच तं हाय, दुसरं देतो.” “पोरीच्या कपाळावरचं हाय. माळावर गाडी बंद पडली, पाणी संपल्तं, मंग तिचीच पट्टी उचलली.” कारभारीची पोर तापाने गेल्याचं मुनीरला ठाऊक होतं, हे नव्हतं. त्याने आपल्या हाताचा काळा डाग आत दुमडून कापड परत दिलं. त्या दिवशी कॉइलवर पट्टी ठेवल्यावर मोटार थेट जालन्याच्या दवाखान्यातच थांबली होती.