बिनखिळ्याचा पाळणा

सरकत्या पट्ट्यावर भंगार लाकडांबरोबर येणारा तो पाळणा मी लांबूनच ओळखला. त्यावर कोरलेल्या पोपटाची चोच माझ्याच पटाशीनं उडाली होती.

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी केला होता मी. त्या बाळंतपणात लेकही गेली, बाळही गेलं. पाळणा तेवढा तिच्या सासरी राहिला होता. आता त्यांनी तोही भंगारात काढला.

सुतारकी बंद पडल्यापासून मी या वीज कारखान्यात टाकाऊ लाकडांतले खिळे काढतो. लाकडाचा भुगा होऊन तो बॉयलरमध्ये जळतो. लोखंड गेलं तर यंत्राची पाती तुटतात, म्हणून पट्टा थांबतो तो फक्त खिळ्यासाठी.

“पट्टा थांबव!” मी ओरडलो.

“खिळा आहे का, मिस्त्री?” बटणावर बोट ठेवत जयवंतानं विचारलं.

चाळीस वर्षं गिऱ्हाइकं हेच विचारायची आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. छाती फुगवून तेच तोंडातून निघालं. “एकही नाही! सगळं खाचा-खुंट्यांवर.”

“मग जाऊ दे की,” म्हणत त्यानं बोट काढलं.

मी धावलो, तोवर पाळणा आत गेला होता. पाती कुठंच अडखळली नाहीत. काम चोखच होतं माझं.