हाडं शाबूत

“एक हाड मोडलेलं नाही,” व्यसनमुक्ती केंद्राचा संचालक तिसऱ्यांदा म्हणाला, आणि शाबासकी मिळायची वाट बघावी तसा बघत राहिला. शवागाराबाहेरच्या बाकावर तो मेलेल्या रंगाऱ्याच्या बापाला अगदी खेटून बसला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलण्यात साखर. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असेच गोड बोलतात.

रंगाऱ्याची बायको समोर उभी होती. हातातल्या पिशवीत नवऱ्याचा धुतलेला शर्ट होता. आज तो बरा होऊन घरी यायचा होता. काल केंद्रातून फोन आला, छातीत कळ आली आणि गेला.

“दारूनं काळीज पोखरलं होतं हो, अण्णा,” संचालक म्हणाला. “तुम्ही पोलिसांना एवढंच सांगा, आमची काही तक्रार नाही. बाकी मी निस्तरतो. उगाच बोभाटा कशाला?”

अण्णांनी मान डोलावली. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातात एक्स-रेच्या फिल्म होत्या. “याला कुणी मारलं?”

संचालक ताडकन उठला. “मॅडम, तुम्हीच बघा ना, एक हाड तरी...”

“हाडं ठीक आहेत. डोक्याला, पोटाला मार नाही. पण पाठ आणि मांड्या कातडीखाली चेचून काढल्यात. अशी चेचलेली चरबी रक्तात उतरते आणि फुप्फुसात जाऊन अडकते. त्यानंच श्वास कोंडून गेलाय तो. मायक्रोस्कोपखाली बघितलंय मी.”

संचालक लाज कोळून प्यायलेल्या माणसासारखा हसला.

“शिस्त लावावीच लागते, मॅडम. पण रबरी पाइपच वापरतो आम्ही, दुसरं काही नाही. पोराला सोडायला आले तेव्हा अण्णाच म्हणाले होते, ‘मारा, झोडा, हाडं तेवढी शाबूत परत द्या.’ आम्ही शब्द पाळला. विचारा त्यांना.”

खोटं असतं तर अण्णा त्याच्या अंगावर धावून गेले असते. ते बसूनच राहिले.

“बोलायची रीत असते गं ती,” ते सुनेला म्हणाले. “बाप म्हणून बोलतो माणूस. कुणी खरंच एवढं...”

“त्यांनी केंद्रातून फोन केला होता, अण्णा. पाठ टेकता येत नाही म्हणत होते. तुम्ही माझ्या हातातून फोन ओढून घेतलात. ‘बायकोजवळ रडतोस काय’ म्हणालात आणि बंद केलात.”

संचालक खिशातला फोन चाचपत जिन्याकडे सरकू लागला.

“हवालदार, त्याला जाऊ देऊ नका,” ती दाराशी उभ्या पोलिसाला म्हणाली. “तक्रार आहे. माझी आहे. लिहून घ्या, आणि अण्णा काय म्हणाले होते तेही त्यात घाला.”

तिनं डॉक्टरीणबाईंच्या हातातून फिल्म घेतल्या आणि एकेक करून सासऱ्याच्या मांडीवर ठेवल्या. छाती. कंबर. दोन्ही पाय.

“मोजून घ्या, अण्णा. एकही कमी नाही.”